मलाबी ऐकू येतंय

साल दोन हजार बावीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. म्हणजे कागदावर एकाहत्तर. खरं वय आईला ठाऊक होतं आणि ती ते कुणाला न सांगताच गेली. त्या सुगीची आठवण मला मुद्दाम काढावी लागत नाही. भात पिवळं पडलं, विसापूरच्या कड्याखालून गार वारा सुटला की ती आपसूक येते, थंडीत गुडघ्यात कळ येते तशी. आज सकाळीही आली. बांधावर उभा होतो. दवात भिजून इंद्रायणी भाताचा वास जड झाला होता. शहरातली माणसं हा वास ताटातल्या भाताचा म्हणून ओळखतात. आम्हाला तो ओल्या पेंढ्याचा आणि विळ्याच्या मुठीचा. आणि मला, गेल्या तीन वर्षांपासून, तनूचा. आमच्या तनूला त्या साली काय झालं होतं, का काहीच झालं नव्हतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणूनच लिहायला बसलो आहे. चौथीपर्यंत शिकलो, पण अक्षर मोडू दिलं नाही.

तनू माझी नात, मुलाची मुलगी. मुलगा तळेगावला कंपनीत. त्याच्या पाळ्या बदलत राहतात, तो घरी आला तरी झोपलेला असतो. म्हणजे घरात बोलणारी माणसं तीनच. मी, सून संगीता आणि तनू. तनू त्या साली बारावीला होती. सकाळी भाजे गावातून चालत मळवली स्टेशन, तिथून गाडीनं लोणावळ्याचं कॉलेज. सुगीला मात्र ती आमच्याबरोबर शेतात असायची. गावात मळणीचं यंत्र येऊन किती वर्षं झाली, पण मी अजून खळं करतो. शेणानं सारवून, फळी मांडून, हातानं झोडतो. लोक हसतात. हसू देत.

कानाचं आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. घाटात मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा मी सुरुंगाच्या टोळीत होतो. तिथं माझे कान राहिले. डावा पुरा, उजवा निम्मा. हे मी कुणाला सांगितलं नाही. माणसं हसली की हसायचं, थांबली की ‘व्हय’ म्हणायचं. तेवढ्यावर निभतं. शेजारच्या वावरातला बबन मात्र सगळ्या गावाला सांगत फिरतो, की एकदा त्यानं मला बांधावरून ओरडून सांगितलं, ‘आबा, तुमची पेंढ्याची गंजी पेटली!’ आणि मी म्हणालो, ‘व्हय, लय झ्याक झालं.’ मला असं काही झाल्याचं आठवत नाही.

तर त्या सुगीत तनू मला विचारायला लागली, ‘आबा, ऐकलंत?’

कापणी चाललेली असायची. ती विळा धरून एकदम थांबायची, मान वर करायची. ‘ऐकलंत?’ मी म्हणायचो, ‘ऐकलं की.’ मला वाटायचं गाडीचा भोंगा असेल. आणि आमच्याकडं आवाजाला काय तोटा आहे? शनिवारी बंगल्याबंगल्यांतून डीजे लागतो, तो कड्यावर आपटून उशिरानं परत येतो, म्हणजे एकच गाणं दोनदा. लोहगडावर आलेली पोरंपोरी एकमेकांच्या नावानं ओरडतात आणि कडा ती नावं खाली आमच्या शेतात टाकतो. हायवेची घरघर तर विहिरीतल्या पाण्यासारखी कायमचीच. यात एखाद्या पोरीला आपलं नाव ऐकू आलं तर त्यात नवल ते काय?

झोडणीलाही शब्द असतात. पेंढी वर जाते, फळीवर आदळते, दाणा झडतो. आई म्हणायची, ‘ऐक, काय म्हनतंय? दे, घे. दे, घे.’ एकदा तिनं सांगितल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. अख्खं खळं दिवसभर दे-घे करायचं. मी तेव्हा लहान होतो, मला कुणी दवाखान्यात नेलं नाही. मग कुठवर ते नुसतं ऐकणं, आणि कुठून पुढं आजार? एवढा प्रश्न मी पुढं तनूच्या डॉक्टरीणबाईंना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं. लांब होतं. त्यातलं मला काय ऐकू आलं, काय कळलं आणि काय मी माझ्या मनानं भरलं, ते आता वेगळं करता येत नाही.

तशा खुणा होत्याच. आता वाटतं होत्या. तेव्हा त्या एकेकट्या आल्या, आणि एकेकट्या आल्या की कसली खूण आणि कसलं काय. तनू जेवायला आमच्यात बसेनाशी झाली. मला वाटलं अभ्यास आहे. डोळे सुजलेले दिसायचे. मला वाटलं अभ्यास आहे. कानावरून ओढणी घट्ट बांधून फिरायची. मला वाटलं वारा आहे. एक दिवस तिनं मोबाईल भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवला. संगीता मला म्हणाली, ‘आबा, पोरगी म्हनतीया त्यातनं कुनीतरी तिच्याकडं बघतंय.’ मी म्हणालो, ‘बरं झालं. सुटला एकदाचा मोबाईल.’

मी त्या दिवशी खूश होतो. दोन वर्षं सांगत होतो ते डबडं फेक म्हणून.

मग रास मोजायचा दिवस आला. भात उपणून झालं होतं, खळ्यावर पिवळी रास पडली होती. आम्ही आजही पायलीनं मोजतो. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, आणि पोतं भरेपर्यंत खळ्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. बोललं तर बरकत जाते म्हणतात. मी हे मानतो का? सांगता येणार नाही. पण मोडत नाही. उन्हं उतरली होती. मी माप भरत होतो, तनू पोत्याचं तोंड धरून माझ्या उजव्या अंगाला बसली होती, संगीता समोर, आणि मदतीला आलेला बबन पलीकडं. वारासुद्धा पडला होता. दाणे पोत्यात पडताना जी सरसर होते तेवढीच.

आणि तनू बोलली. ‘नाही. मी नाही सांगणार.’

माझ्या कानाशी होती म्हणून मलाही ऐकू आलं. माप हातात तसंच राहिलं. बबन म्हणाला, ‘आगं, कुनाला बोलतीस? रास मोजत्यात न्हवं?’ तनू त्याच्याकडं बघून म्हणाली, ‘ते विचारतायत ना मगासपासून. तुम्हाला ऐकू येत नाही?’

कुणीच काही विचारत नव्हतं. संगीतानं तोंडाला पदर लावला. तिच्या डोळ्यांत मी तेव्हा जे बघितलं ते मला पुरतं कळलं नाही, पण आवडलं नाही. पोत्याचं तोंड तनूच्या हातून सुटत होतं आणि त्यातून चार दाणे खाली सांडले. मी म्हणालो, ‘मलाबी ऐकू आलं. कड्याकडनं कुनीतरी वराडलं. तू धर पोतं.’

का म्हणालो? बबनसमोर घराची शोभा नको म्हणून. बबनला ऐकू येतं आणि मला येत नाही, असं होऊ नये म्हणूनही. आणि पोरीच्या हातून पोतं सुटत होतं म्हणून. तिन्ही खरं आहे. आधी कुठलं, ते मला माहीत नाही. तनूनं माझ्याकडं बघितलं. पुरात वाहून चाललेल्याला झाडाची फांदी हाताला लागावी तशी बघितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिनं पोतं परत घट्ट धरलं. मी पुढचं माप भरलं.

संगीता अजून म्हणते, तुमी तवा खोटं बोल्ला. मी तसं म्हणत नाही. मला ऐकू आलं नाही म्हणजे हाक नव्हतीच, हे मी कसं म्हणू? मला तर गाडीचा भोंगाही ऐकू येत नाही. म्हणून काय गाडी येत नाही?

त्याच आठवड्यात तनूच्या कॉलेजातल्या मराठीच्या बाई स्कूटरवरून घरी आल्या. संगीतानं त्यांना फोन केला होता, मला न विचारता. बाई ओट्यावर बसल्या, चहा घेतला, आणि माझ्याकडं तोंड करून मोठ्यानं बोलल्या, म्हणजे त्यांनाही संगीतानं कानाचं सांगितलं होतं. ‘आबा, तनुजा आजारी आहे असं मी म्हणत नाही. पण ती पूर्वीची राहिली नाही. वर्गात खिडकीजवळ बसत नाही. मैत्रिणीशी बोलता बोलता मध्येच थांबते, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. बारावीचा ताणही असेल. पण एकदा दाखवून घेऊ.’

‘पोरगी धडधाकट हाये, बाई. येडी झाल्यावर दाखवत्यात.’

‘आधीच दाखवायचं, आबा. त्याचाच उपयोग असतो.’

‘आधी काय दाखवायचं? आधी तर काय न्हाई.’

‘तेच दाखवायचं.’

मी संगीताकडं बघितलं. म्हणालो, ‘गावात कळलं म्हंजी? उद्या पोरीचं लगीन कराचंय.’

संगीता माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. ‘लग्नाचं मागनं बगू, आबा. आदी पोरगी जाग्यावर ऱ्हाऊ द्या.’

तनू दारात उभी होती. ती बाईंना म्हणाली, ‘आबांनाही ऐकू येतं. मला एकटीलाच का नेताय? त्यांनाही न्या.’ थट्टेनं म्हणाली नाही. ती मला सोडून कुठं जायला तयारच नव्हती, कारण तिच्या बाजूनं मी एकटा होतो. बाई माझ्याकडं बघायला लागल्या. संगीता म्हणाली, ‘चला मग तुमीबी.’

असा मी पुण्याच्या दवाखान्यात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरपुढं बसलो, तो नातीचा जोडीदार म्हणून.

डॉक्टरीणबाई वयानं लहान. आधी तनूला एकटीला आत घेतलं, बराच वेळ. मग आम्हाला. झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, गांजा-बिंजा विचारलं, तेव्हा मी जागेवरून उठलोच होतो, संगीतानं बाही धरून बसवलं. घराण्यात पूर्वी कुणाला असं झालं होतं का, हेही विचारलं. नव्हतं. का होतं आणि आम्हाला कळलं नाही? पूर्वी माणूस गप्प झाला की त्याला गप्पच म्हणायचे, आणखी काही म्हणायचे नाहीत.

मग त्या माझ्याकडं वळल्या. ‘आबा, तनुजा सांगते तुम्हालाही आवाज येतात.’

‘व्हय.’

‘काय म्हणतात?’

मला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. येतं का, न्हाई का, एवढ्याची तयारी करून गेलो होतो. तनू माझ्या तोंडाकडं बघत होती. काहीतरी रचून सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण काय रचणार? तिचे ते लोक काय विचारतात, तिला काय सांगायचं नाही, हे मला कुठं ठाऊक होतं? मी रोज ‘मलाबी’ म्हणत होतो, आणि काय ते एकदाही विचारलं नव्हतं.

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘मला कायबी ऐकू येत न्हाई. डाव्या कानानं तर मुळीच न्हाई. तुमचंबी निम्मं ओठावरनं कळतंय.’

तनू म्हणाली, ‘मग खळ्यावर?’

‘न्हाई, बाय.’

तिचं तोंड कसं झालं ते मी लिहीत नाही.

डॉक्टरीणबाई पुढं बोलत राहिल्या. ह्याला अजून आजार म्हणायचं नाही. होईलच असं नाही. पण अशा खुणा असलेल्या काही मुलांना पुढं मोठा आजार होतो, म्हणून आत्तापासून बरोबर राहायचं. मी विचारलं, ‘मंग गोळी द्या.’ त्या म्हणाल्या, आत्ता नको. झोप नीट, जेवण नीट, कॉलेज सोडायचं नाही, आठवड्याला येऊन बोलायचं. ‘आणि घरच्यांनी खोटं हो म्हणायचं नाही. तिला वेडी आहेस असंही म्हणायचं नाही.’

‘मंग म्हनायचं काय?’

‘मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय, तुला त्याची भीती वाटते, हे मला कळतंय. एवढंच.’ माझा चेहरा बघून त्यांनी सोपं करायचा प्रयत्न केला. ‘आबा, भातावर करपा पडतो ना? पानावर पहिला ठिपका दिसला की आपण काय करतो?’

‘फवारनी. तुमी तर फवारनीबी करंना.’

त्या हसल्या. ‘खरंय. दुसरं उदाहरण शोधून ठेवते.’ मग माझ्याही कानासाठी कुठं जायचं ते सांगितलं. मी म्हणालो, बघू.

आजार नाही, तरी दवाखाना. दवाखाना, तरी गोळी नाही. गोळी नाही, तरी दर आठवड्याला पुणं. मी आयुष्यभर जे दिसतं ते उपटलं, जे मोडलं ते जोडलं. जे अजून आलंच नाही त्याच्या वाटेवर कसं बसायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

अजूनही शिकलो असं म्हणत नाही. तनू पुढं दवाखान्यात जात राहिली, दोन वर्षांहून जास्त. मध्ये परीक्षेच्या तोंडावर वाढलं, तेव्हा थोडे दिवस गोळीही होती. मग ते आवाज लांब गेले. ती सांगते, शेजारच्या वाडीत लग्न असावं इतके लांब. कधी असतात, कधी नसतात. बारावी झाली, पुढंही शिकली, आता कामशेतला एका ऑफिसात जाते. परवा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ‘खरं सांगा, आपन आलो नसतो तर पोरीला तो आजार झाला असता का?’ त्या म्हणाल्या, ‘माहीत नाही, आबा. झालाही असता, नसताही.’ एवढी शिकलेली बाई आणि माहीत नाही म्हणते. मला त्यांचा राग आला, आणि गाडीत बसल्यावर विश्वासही वाटला. दोन्ही एकदम कसं वाटतं?

बबन्या तर मोकळाच आहे. ‘आबा, तुमच्या पोरीला कायबी झालं न्हवतं. कुत्रं चावायच्या आदीच तुमी इंजेक्शन घ्याला पळालासा.’ मी त्याला शिव्या देतो. पण न झालेली गोष्ट दाखवायची कशी? शेताला आग लागली नाही, तर ती आपण विझवली की ती लागणारच नव्हती? रात पडली की मी बबनच्या बाजूचा असतो, सकाळी तनू डबा घेऊन स्टेशनकडं निघाली की डॉक्टरीणबाईंच्या.

पण त्या दिवशी हे काहीच पुढचं माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्ही पुण्याहून गाडीनं परत येत होतो. तनू आमच्यात बसली नाही. पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली, कपाळ गजाला टेकून. तळेगाव गेलं, वडगाव गेलं. कामशेतला डबा रिकामा झाला तेव्हा मी उठून तिच्याशेजारी गेलो. ती बाहेर बघत बोलली, आणि ते मला नीट ऐकू आलं. नको ते नेमकं ऐकू येतं.

‘तुम्ही मला एकटीला टाकलंत आबा.’

मी म्हणालो, ‘आगं, पर मला खरंच...’

‘मग आधी का म्हणालात?’ मग म्हणाली, ‘पुढच्या वेळी मी येणार नाही. कुणी काही करा.’

मळवलीला उतरल्यावर ती पुढं चालत गेली. संगीता माझ्याबरोबर मागं राहिली. रडत नव्हती, नुसती चालत होती. पुलाजवळ म्हणाली, ‘आबा, ती माजं ऐकत न्हाई. बापाचं न्हाई. तुमचंच ऐकत हुती. आता तुमीच बगा काय करायचं ते.’

मी काय बघणार होतो? एका शब्दानं मी पोरीला धरून ठेवलं होतं आणि एका शब्दानं सोडलं होतं. दोन्ही शब्द तिच्या भल्यासाठीच होते. म्हणजे मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. गंजी रचायची राहिली होती. बबन त्याच्या वावरात आधीच आला होता. तनू खळ्यावर पेंढ्याच्या भाऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, मान जराशी कलती करून, ऐकत. मी भारा उचलला, परत खाली ठेवला. तिच्याजवळ गेलो. आधी तिच्या उजव्या अंगाला बसलो, मग तिथून उठून डाव्या अंगाला गेलो, तसा माझा उजवा कान तिच्याकडं आला.

‘तनू, काय म्हनत्यात गं ते?’

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिचे ओठ हलले. काहीतरी बोलली, चांगलं दोन-तीन वाक्यांचं होतं. मला त्यातला एक शब्द लागला नाही. ‘व्हय’ जिभेवर आलं होतं.

मी ते गिळलं. कान तिच्या तोंडाशी नेला, आणि बांधापलीकडं बबनलाही जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, ‘मला ऐकू येत न्हाई, बाय. परत सांग. जरा वरडून सांग.’